समुद्राकाठच्या घरात शेवटी कोण राहणार?

गोंदिया जिल्ह्याला समुद्र नाही. आपल्या वाट्याला आलं ते तळ्यांचं पाणी. नवेगावबांध, इटियाडोह, आणि गावोगावचे मालगुजारी तलाव. ज्या बाईने लग्नानंतरची चाळीस वर्षं रोवणीच्या दिवसांत बांधीवर डबे पोचवले, नाहीतर शाळेत शिकवून आल्यावर रात्रीपर्यंत घरचं सगळं पाहिलं, तिने समुद्र पाहिला तो बहुधा एकदाच. पुरीला गेली तेव्हा, नाहीतर मुलाकडे मुंबईला गेली तेव्हा. पाय भिजवले, फोटो काढला आणि गाडीची वेळ झाली म्हणून परत फिरली.

आता तोच समुद्र आपल्या घरात येऊन दार वाजवतोय. पेपरमध्ये पानभर जाहिरात असते. पांढरीशुभ्र बाल्कनी, समोर निळं पाणी, आणि खुर्चीत बसलेलं केस पिकलेलं हसरं जोडपं. 'दुबईत समुद्र दिसणारं घर, महिन्याला फक्त एक टक्का हप्ता.' जाहिरातीत सिनेमातले चेहरे असतात. मुंबई-पुण्याच्या मोठ्या हॉटेलांत तिथले बिल्डर प्रदर्शनं भरवतात, चहा-जेवण देतात, आणि जागेवर बुकिंगचा फॉर्म पुढे करतात. दुबईच्या जोडीला थायलंडचं फुकेत असतं, मॉरिशस असतं. पूर्वी हे सगळं फार मोठ्या लोकांसाठी होतं. आता राइस मिलवाल्यांच्या घरात, डॉक्टरांच्या घरात, नोकरीतून निवृत्त झालेल्या नवरा-बायकोच्या घरातही हा विषय निघतो. मुलगा फोनवर म्हणतो, "आई, आयुष्यभर तिथे काय केलंस? आता आराम कर. गावचं घर विकून टाकू, इकडे मस्त फ्लॅट घेऊ." बाबांचे डोळे चमकतात. आणि आई? आई म्हणते, "तुम्ही म्हणाल तसं."

मैत्रिणींनो, आजचा लेख या 'तुम्ही म्हणाल तसं'बद्दल आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. म्हातारपणी समुद्राकाठी राहावंसं वाटण्यात काही चूक नाही. ज्या बाईचं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या वेळापत्रकात गेलं, तिला सकाळी उठून निवांत पाण्याकडे बघत बसावंसं वाटलं तर तो तिचा हक्कच आहे. दुबईत मराठी माणसं पुष्कळ आहेत, गणपती बसतात, रात्री बाईमाणूस एकटं रस्त्याने जाऊ शकतं. लेक-जावई किंवा मुलगा-सून तिथेच स्थायिक असतील तर नातवंडांची ओढही खरी आहे. तेव्हा 'परदेशात घर म्हणजे खूळ' असं म्हणून आम्ही मोकळं होणार नाही. पण 'घर पाहावं बांधून' असं आपल्याकडे म्हणतात ते उगाच नाही. आणि हे घर तर आपण बांधतानाही बघणार नसतो. पुष्कळदा ते कागदावरच विकलं जातं आणि ताबा दोन-चार वर्षांनी मिळतो.

सही कुणाची, घर कुणाचं?

आपल्याला वाटतं, परदेशात पैसे पाठवणं हा पुरुषांचा आणि बँकेचा विषय. पण याच ठिकाणी बाईच्या सहीला अचानक फार किंमत येते. कशी, ते बघा.

भारतात राहणाऱ्या माणसाला परदेशात पैसे पाठवायला रिझर्व्ह बँकेची एक योजना आहे. तिला एलआरएस म्हणतात. २००४ मध्ये ती सुरू झाली तेव्हा माणशी वर्षाला २५ हजार डॉलर एवढीच मर्यादा होती. २०१५ पासून ती अडीच लाख डॉलर आहे. डॉलर ९० रुपये धरला तर सव्वादोन कोटी होतात. ही मर्यादा घराला नसून माणसाला असते. म्हणजे नवऱ्याची मर्यादा संपली किंवा त्याच्या नावावर जास्त व्यवहार नको असला, की पुढचं वाक्य येतं, "हिच्या नावावरून पाठवू." तिचं पॅन कार्ड निघतं, तिच्या खात्यात पैसे फिरतात, आणि बँकेच्या ए-२ नावाच्या फॉर्मवर ती सही करते. काय लिहिलंय ते वाचायला वेळ नसतो. दोघांच्या दोन सह्या होतात आणि पैसे जातात.

आता गंमत अशी, की रिझर्व्ह बँकेने याबाबत दिलेल्या उत्तरांत साफ म्हटलं आहे : घरातल्या माणसांनी आपापल्या मर्यादा एकत्र करून मालमत्ता घ्यायची तर ती सगळी माणसं त्या मालमत्तेची सहमालक असली पाहिजेत. म्हणजे जिच्या नावावरून पैसे गेले तिचं नाव घराच्या कागदावर हवं. हा काही नवऱ्याचा मोठेपणा किंवा मुलाचं प्रेम नव्हे, हा नियम आहे. कुणी म्हणालं, "तुझं नाव घालून कशाला गुंतागुंत वाढवायची?" तर हसून सांगायचं, "गुंतागुंत नाव न घातल्याने वाढेल."

दुसरा प्रकार आणखी साळसूद. घर मुलाच्या एकट्याच्या नावावर घ्यायचं आणि आईवडिलांनी त्याला पैसे 'भेट' म्हणून पाठवायचे. मुलगा चांगलाच असतो, त्यात शंका नको. पण भेट दिली की ती दिलीच. त्या घरात तुम्ही पाहुण्या. तिथे राहायचा व्हिसाही मुलाच्या नोकरीवर अवलंबून, आणि तो पुन्हा पुन्हा वाढवून घ्यायचा. उद्या त्याची नोकरी गेली किंवा तो कॅनडाला निघाला तर तुमचं काय, हा प्रश्न त्याच्या मनातही आलेला नसतो. इथे आपल्या देशात २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे. सांभाळण्याच्या अटीवर मुलांच्या नावे केलेलं घर, मुलांनी सांभाळलं नाही तर परत मागता येतं. त्यासाठी उपविभागीय अधिकाऱ्यांसमोर अर्ज करायचा असतो, वकीलसुद्धा लागत नाही. पण अर्जुनी मोरगावचे अधिकारी काही दुबईतल्या सतराव्या मजल्यावरच्या फ्लॅटचा ताबा मिळवून देऊ शकत नाहीत.

आपल्या महाराष्ट्रात बाईचं नाव घराला लागावं म्हणून किती खटपटी झाल्या ते आठवा. १९९० च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम काढली. कष्ट बायकोचे आणि सातबारा नवऱ्याचा, हे बरोबर नाही म्हणून गावोगावच्या शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे केला. पुढे ग्रामपंचायतीच्या घरनोंदीत नवऱ्याच्या जोडीला बायकोचं नाव लावायचं 'घर दोघांचे' हे अभियान सरकारने राबवलं. २०२१ पासून राज्यात बाईच्या नावे राहतं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. इतकं सगळं झाल्यावर, आयुष्यातलं सगळ्यात महागडं घर घेताना जर आपण 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणणार असू, तर मग ही खटपट कशासाठी होती?

पैशांचा हिशेब, वहीच्या पानावर

जाहिरातीतला आकडा दिरहममध्ये असतो म्हणून तो लहान दिसतो. समजा सात लाख दिरहमचा एक छोटा फ्लॅट आहे. दिरहमचा दर डॉलरला बांधलेला आहे. डॉलर ९० रुपये असताना एक दिरहम साधारण साडेचोवीस रुपयांना पडतो. म्हणजे तो फ्लॅट झाला एक कोटी एकाहत्तर लाखांचा. त्यावर दुबईच्या जमीन खात्याची नोंदणी फी चार टक्के, म्हणजे पावणेसात लाखांच्या वर. शिवाय दलाली, वीज-पाण्याचं डिपॉझिट आणि फर्निचर.

पैसे पाठवताना आपल्याकडेच आणखी एक चटका बसतो. एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाखांच्या वर जी रक्कम अशा गुंतवणुकीसाठी जाईल तिच्यावर बँक वीस टक्के टीसीएस कापते. दीड कोटी पाठवले तर अठ्ठावीस लाख आणखी भरा. हा पैसा बुडत नाही. आयकर विवरणपत्र भरलं की वळता होतो किंवा परत मिळतो. पण तोवर अडकून पडतो. आणि जर तो गृहिणीच्या नावावर कापला गेला असेल, तर तो परत मिळवायला तिच्या नावाचं विवरणपत्र भरावंच लागतं. परतावा येतो तो तिच्या खात्यात. तेव्हा ते खातं तिलाच चालवता येतं ना, पासबुक कुणाच्या कपाटात आहे, हे आधी बघा.

बरं, घर झाल्यावर खर्च थांबतो का? नाही. दुबईच्या इमारतींत दरवर्षी चौरस फुटावर सर्व्हिस चार्ज असतो. लिफ्ट, पोहण्याचा तलाव, पहारा, सगळं त्यात येतं. तुम्ही पोहा न पोहा, गोंदियात असा की तिथे असा, तो भरायचाच. उन्हाळ्यात तापमान ४५ अंशांच्या पुढे जातं आणि वर समुद्राची दमट हवा. एसी बंद ठेवून राहता येत नाही. आपल्याकडे वैशाखात दुपारी पडवीत ओलं पोतं टाकून भागतं, तसं तिथे भागत नाही.

सगळा खर्च दिरहममध्ये आणि पेन्शन मात्र रुपयांत, हे तर आपण विसरतोच. २००४ च्या सुमारास डॉलर ४५ रुपयांच्या आसपास होता. डिसेंबर २०२५ मध्ये तो ९० च्या वर गेला. म्हणजे वीस-बावीस वर्षांत तिथली प्रत्येक वस्तू आपल्यासाठी नुसत्या दरानेच दुप्पट महाग झाली. साठाव्या वर्षी परवडणारी भाजी ऐंशीव्या वर्षी परवडेलच असं नाही.

याच्या शेजारी आपल्याकडचा एक साधा आकडा ठेवा. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत २०२३ पासून ३० लाखांपर्यंत ठेवता येतात आणि त्या वर्षीच्या एप्रिलपासून व्याज ८.२ टक्के झालं. त्या दराने तीस लाखांवर दर तीन महिन्यांना साडेएकसष्ट हजार रुपये हातात येतात. नवरा-बायकोने वेगवेगळी खाती काढली तर दुप्पट. यात समुद्र दिसत नाही, हे खरं. पण पहिल्या तारखेला दूधवाल्याला काय द्यायचं, ही चिंताही राहत नाही. आणि एक लक्षात ठेवा, तुम्ही परदेशी राहायला गेलात आणि कायद्याने अनिवासी झालात, की या योजनेत नवं खातं काढता येत नाही.

परदेशातली मालमत्ता आयकर विवरणपत्रात दरवर्षी दाखवावी लागते. २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्यानुसार ती लपवली तर दहा लाखांचा दंड होऊ शकतो. घर दोघांच्या नावावर असेल तर ही जबाबदारीही दोघांची. आणि "थोडे पैसे रोख देऊ, तिकडे माणूस देईल" असं कुणी सुचवलं, तर त्याला चहा पाजून दारापर्यंत सोडा. त्याला हवाला म्हणतात, आणि त्यात सापडलेल्या घरातली बाई 'मला काही माहीत नव्हतं' म्हणून सुटत नाही. बिल्डरकडे वर्षानुवर्षं हप्ते भरण्याच्या योजनेबद्दलही आधी चांगल्या सीएला विचारा, ती आपल्या परकीय चलन कायद्यात कशी बसते ते.

शेवटची पंधरा वर्षं

आता मुद्द्याचं बोलू. आपल्याकडे नवरा बायकोहून तीन-पाच वर्षांनी मोठा असतो. आणि बायका पुरुषांपेक्षा जास्त जगतात. या दोन गोष्टींची बेरीज करा. जोडप्याने मिळून निवडलेल्या घरात शेवटची काही वर्षं बहुतेक वेळा बाई एकटीच राहते. जाहिरातीतल्या बाल्कनीत दोन खुर्च्या दाखवतात. त्यातली एक कधीतरी रिकामी होणार, हे आपण बोलत नाही, कारण ते अभद्र वाटतं. पण घर घेताना बोलायचं नाही तर मग कधी?

ती एकटी राहिल्यावर काय होईल, ते एकेक करून बघू.

पहिलं म्हणजे बँकेचं खातं. अमिरातीत खातेदार गेल्याचं कळलं की बँक खातं गोठवते, जोड खात्यालाही ही अडचण येऊ शकते. वारसाचा कागद होईपर्यंत हातात पैसे नसतात. त्या बाईजवळ निदान सहा महिन्यांचा खर्च तिच्या स्वतःच्या वेगळ्या खात्यात हवाच.

दुसरं वारसाहक्काचं. अमिरातीत फेब्रुवारी २०२३ पासून मुस्लिमेतरांसाठी नवा कायदा लागू झाला. मृत्युपत्र नसेल तर अर्धी मालमत्ता जोडीदाराला आणि अर्धी मुलांना सारखी. आपल्याकडे हिंदू वारसा कायद्याने बायको, मुलं आणि नवऱ्याची आई यांना सारखा वाटा. कोणता कायदा लावायचा यावर वारसांत मतभेद झाले, की प्रकरण कोर्टात रेंगाळतं. म्हणून तिथल्या मालमत्तेचं मृत्युपत्र तिथे नोंदवून ठेवायचं. दुबईत २०१५ पासून मुस्लिमेतरांना तशी सोय आहे. इथल्या घरा-शेताचं वेगळं करायचं. मृत्युपत्र केल्याने माणूस लवकर जात नाही. न केल्याने मागे राहिलेली बाई मात्र नक्की थकते.

तिसरा प्रश्न राहण्याचा. घर तुमचं म्हणून देश तुमचा होत नाही. दुबईने २०२० मध्ये ५५ वर्षांवरच्या लोकांसाठी पाच वर्षांचा निवृत्ती व्हिसा सुरू केला. ठराविक किमतीचं घर, ठराविक बचत किंवा ठराविक मासिक उत्पन्न दाखवलं की तो मिळतो आणि पाच वर्षांनी पुन्हा तेच दाखवायचं असतं. दहा वर्षांच्या गोल्डन व्हिसासाठी किमान वीस लाख दिरहमची मालमत्ता लागते. आपल्या पैशांत जवळजवळ पाच कोटी. नवऱ्याच्या व्हिसावर राहणाऱ्या बाईचा व्हिसा नवरा गेल्यावर कसा चालू राहील, हे सही करण्याआधी लेखी विचारून घ्या. सत्तराव्या वर्षी निम्नवेतनाची फॅमिली पेन्शन दाखवून परक्या सरकारला 'मला राहू द्या' म्हणायची वेळ कुणावर येऊ नये.

चौथं, दुखणंखुपणं. आपलं इथलं मेडिक्लेम सहसा परदेशातल्या इलाजाला चालत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या वरच्या प्रत्येकाला आयुष्मान वय वंदना कार्डावर पाच लाखांपर्यंतच्या उपचाराची सोय झाली, तीही भारतातल्या दवाखान्यांतच. तिथे विमा सक्तीचा, आणि वय वाढलं की हप्ता वाढतो. गोंदियात आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे. मोठं काही निघालं तर नागपूर रेल्वेने दोन-अडीच तासांवर. तिथे सोबत यायला शेजारीण तयार असते, आणि डॉक्टरला 'छातीत कसंसंच होतंय' असं आपल्या भाषेत सांगता येतं. हे 'कसंसंच' दुसऱ्या भाषेत सांगणं किती कठीण, ते ज्यांनी परक्या शहरात आजारपण काढलं त्यांना विचारा.

आणि पाचवं, वाट बंद होणं. मार्च २०२० मध्ये करोनामुळे विमानं थांबली तेव्हा परदेशात अडकलेले आईवडील आठवतात? मे महिन्यात 'वंदे भारत'ची विमानं सुरू होईपर्यंत येण्याचा मार्ग नव्हता. जून २०२५ मध्ये कतारमधल्या अमेरिकी तळावर इराणने क्षेपणास्त्रं सोडली तेव्हा आखातातली विमानं काही तास खोळंबली. सुखाच्या दिवसांत दुबई तीन-चार तासांवर असते. अडचणीच्या दिवसांत ती फार लांब जाते.

इतर देशांत काय झालं?

हे स्वप्न काही एकट्या आपलंच नाही. स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर हजारो इंग्रज निवृत्त होऊन राहायला गेले. ऊन स्वस्त, घर स्वस्त. मग ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं. २०२१ पासून ज्यांनी तिथला रहिवास रीतसर घेतला नव्हता, त्यांना आपल्याच घरात १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा जास्त राहता येईना. घर विकत घेतल्यावर रहिवास देण्याची योजना पोर्तुगालने २०२३ मध्ये आणि स्पेनने एप्रिल २०२५ मध्ये बंद केली. नियम सरकारचे असतात आणि सरकारचं मन कधीही बदलू शकतं. थायलंडमध्ये तर परदेशी माणसाला जमीन स्वतःच्या नावे घेताच येत नाही. इमारतीतला फ्लॅट घेता येतो, पण एका इमारतीतला परदेशी लोकांचा वाटा ४९ टक्क्यांपलीकडे जाऊ देत नाहीत. बंगल्याचं चित्र दाखवून तीस वर्षांचा भाडेकरार हातात ठेवणारे दलाल तिथे भेटतात.

दुबईचंही एक जुनं पान उलटून बघा. २००८ च्या मंदीत तिथली घरं निम्म्या किमतीवर आली. पुष्कळ इमारती अर्ध्यावर थांबल्या आणि आगाऊ पैसे भरलेले लोक वाट बघत बसले. नंतर किमती वर गेल्या, कायदेही कडक झाले. बांधकामाचे पैसे वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवणं सक्तीचं आहे. तरुण माणूस अशी पडझड झेलून पंधरा वर्षं थांबू शकतो. पासष्टीच्या माणसाकडे थांबायला तेवढा वेळ नसतो.

मॉरिशसची गोष्ट तर आपल्या जवळची. आज तिथे निळ्या पाण्याकाठी परदेशी निवृत्तांसाठी बंगल्यांच्या वसाहती आहेत. घर घेऊन रहिवास मिळवायची किमान रक्कम त्यांनी २०२० मध्ये पाच लाखांवरून पावणेचार लाख डॉलरवर आणली. पण याच बेटावर एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी, साताऱ्याकडची मराठी माणसं उसाच्या मळ्यांत मजुरीला नेली गेली. करारावर अंगठा उठवायचा आणि बोटीत चढायचं. त्यांच्या वंशजांनी तिथे मराठी मंडळ्या उभ्या केल्या, गणेशचतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. ती माणसं परक्या भूमीत टिकली ती एकमेकांच्या आधाराने. भजनं, सण, लग्नकार्य, एका वस्तीत राहणं. आज पाच-दहा कोटींचा बंगला घेऊन गेलेल्या म्हाताऱ्या जोडप्याजवळ यातलं काय असतं? समुद्र असतो. पण रविवारी दुपारी 'येऊ का गं बसायला?' म्हणणारं कुणी असेलच असं नाही.

आणि एकटेपणाचा इलाज समुद्रातच आहे असं कुठे आहे? पुण्यात 'अथश्री'सारख्या ज्येष्ठांच्या वसाहती दोन दशकांहून अधिक काळ चालू आहेत. तिथे लोक डॉक्टर, जेवण आणि सोबत यासाठी जातात. आपल्या विदर्भात तसं काही उभं राहायला हवं, त्यासाठी मागणी करायला हवी. नागझिऱ्याच्या जंगलाकडेला रिसॉर्ट उभे राहिले ते पाहुण्यांसाठी. आपल्या घरच्या म्हाताऱ्या माणसांसाठी एखाद्या तलावाच्या काठी साधी, स्वच्छ, दवाखाना जवळ असलेली घरं का होऊ नयेत? तळ्याचं पाणीही बघायला छानच असतं.

मग करायचं काय?

तुमच्या घरात हा विषय निघाला असेल, तर भांडू नका आणि गप्पही बसू नका. कागद-पेन घेऊन बसा. आमचं म्हणणं एवढंच आहे :

एक, घर घेण्याआधी तिथे भाड्याने राहून बघा. डिसेंबरच्या गुलाबी थंडीत आठ दिवस नव्हे, जुलै-ऑगस्टमध्ये दोन महिने. भाजी स्वतः आणा, दवाखान्यात स्वतः जाऊन या, दुपारी चार तास एकट्या बसून बघा. त्यानंतरही आवडलं तर पुढचं बोला.

दोन, इथलं शेवटचं छप्पर विकू नका. सगळं शेत, सगळी प्लॉटिंग विकायची वेळ आली तरी एक घर ठेवा. आखीव पत्रिकेवर किंवा ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर तुमचं नाव आहे का ते या महिन्यातच तपासा. परत येण्याची वाट शिल्लक असली की माणूस परदेशातही निर्धास्त झोपतो.

तीन, जिच्या खात्यातून पैसे जातील तिचं नाव मालकीत असलं पाहिजे. फॉर्म घरी आणा, वाचा, समजला नाही तर लेकीला, भाच्याला वाचायला लावा. 'आजच सही करा, उद्या भाव वाढेल' असं म्हणणाऱ्याचा धंदाच घाईवर चालतो.

चार, मुखत्यारपत्र कुणालाही 'सगळ्या व्यवहारांसाठी' म्हणून देऊ नका. कोणत्या कामासाठी आणि किती दिवसांसाठी, ते त्यात लिहिलेलं असू द्या.

पाच, दोन्हीकडची मृत्युपत्रं करा आणि ती कुठे ठेवली ते दोघांनाही माहीत असू द्या. पेन्शनसाठी हयातीचा दाखला दर नोव्हेंबरला तिकडून कसा द्यायचा, तेही शिकून घ्या.

आणि सगळ्यात शेवटी, मुलांशी मोकळेपणाने बोला. "बाबा नसतील तेव्हा मी तिथे कशी राहीन?" हा प्रश्न मोठ्याने विचारा. पहिल्यांदा सगळे म्हणतील, "असं काय बोलतेस?" तरी विचारा. ज्या घराकडे या प्रश्नाचं उत्तर आहे, त्या घराने खुशाल समुद्राकाठी जावं. तिथल्या बाल्कनीत बसून चहा पिताना त्या बाईला मागचं काही डाचणार नाही.

ज्या घरात या प्रश्नाला उत्तर नाही, त्या घरच्या बाईने मात्र 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणायचं नाही. चाळीस वर्षं ते म्हणून झालं. या एका सहीपुरतं तरी 'मी वाचून सांगते' असं म्हणायला काय हरकत आहे?